पाय दाखवा की ओ!

'स्ट्रिक्टली कम डान्सिंग'चा शनिवारचा भाग विलायतेत संध्याकाळी सातला लागला, तर हिवाळ्यात आपल्याकडं रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. तेवढं जागणारे लातूर-नांदेडकडं थोडेच. बाकीच्यांना नाचाचे तुकडे रविवारी सकाळी मोबाइलवर मिळतात आणि चहाबरोबर चर्चा सुरू होते. नट, खेळाडू, बातम्या देणारे, राजकारणी अशा नाचाशी संबंध नसलेल्या माणसांना एकेक कसलेला जोडीदार द्यायचा आणि दर आठवड्याला नवा नाच बसवायला लावायचा, हा बीबीसीचा खेळ २००४ चा. २००५ मध्ये तो अमेरिकेत गेला, २००६ मध्ये सोनीवर 'झलक दिखला जा' होऊन आपल्या घरात आला. 'झलक'वर वाढलेली लेकरं आता मूळ कार्यक्रम शोधून बघतात, आणि शेजारी बसलेल्या काकू-मावश्यांना आपोआप त्याची गोडी लागते.

या चर्चेतली कायमची तक्रार कॅमेऱ्याची. ऐन मोक्याच्या पावलाला तो चेहऱ्यावर जातो. "अरे, त्याचं थोबाड काय बघायचं, पाय दाखवा की ओ!" असं एखाद्या काकूंनी म्हटलं, की समजावं, यांना नाच कळायला लागला. कारण नवखा नट चेहऱ्यानं काहीही खपवतो. पायाला तसं जमत नाही.

वॉल्ट्झ हा जोडीचा नाचच घ्या. ताल तीन मात्रांचा, मिनिटाला २८ ते ३० आवर्तनं. भजनाच्या दादऱ्यानं तयार झालेल्या कानाला तो लगेच सापडतो. पुरुषाचा डावा पाय पुढं, उजवा बाजूला, डावा त्याला मिटवायचा. मग उजवा मागं, डावा बाजूला, उजवा मिटवायचा. सहा पावलांत चौकोन पुरा. एवढं तर कुणालाही येईल. खरी गोम पुढं आहे. पुढं टाकलेल्या पावलाची आधी टाच टेकली पाहिजे. अंग वर उठायला लागतं ते पहिल्या मात्रेच्या शेवटी. दुसरीत-तिसरीत ते चढत जातं आणि तिसरी संपता संपता गुडघा सैल सोडून खाली यायचं. नवखा माणूस पहिल्याच मात्रेला चवड्यावर चढतो. मग पुढं चढायला काही उरत नाही, आणि नाचाऐवजी उड्या दिसतात. दुसरी खोड म्हणजे पाय आधी फेकायचा. रेटा मागच्या, उभ्या पायानं द्यायचा असतो. तसं केलं नाही तर पाय पुढं आणि धड मागं राहतं. असल्या चालीला आमच्याकडचा शेरा ठरलेला: "ह्यो नाचूलालाय का खड्डे चुकवूलालाय?"

वारीत पावली खेळलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. एका पायावरचा भार पूर्ण सुटल्याशिवाय दुसरा पाय उचलायचा नाही, हे टाळांच्या ठेक्यात त्याच्या अंगात मुरलेलं असतं.

पायांनंतर बघायची ती धरण, म्हणजे जोडीनं एकमेकांना धरायची ढब. पुरुषाचा उजवा तळवा बाईच्या डाव्या खांद्याच्या पात्याखाली, कोपर पडलेलं नाही, खांदे कानाला चिकटलेले नाहीत. दोघं समोरासमोर नाक लावून उभे नसतात. थोडे सरकून, प्रत्येकाची नजर आपापल्या डावीकडं. त्यामुळं उजवा पाय समोरच्याच्या दोन पायांच्या मधून जातो आणि बोटं चिरडत नाहीत. घाबरलेला स्पर्धक खाली बघतो. डोकं झुकलं की पाठीला बाक येतो, बाक आला की पोटाशी फट पडते, आणि मग परीक्षक फटीवर बोलतात. खरं तर फट हा शेवट. आजार मानेत सुरू झालेला असतो. हे परीक्षकांनी सांगावं, पण त्यांना विनोद करायचे असतात.

आपल्या कानाला खरा धक्का देतो तो चा-चा-चा हा नाच. चार मात्रा, केरव्यासारख्या ओळखीच्या. पण इथं मुख्य पाऊल दुसऱ्या मात्रेवर पडतं: दोन, तीन, चार-आणि-एक. हलगीवर वाढलेला पाय समेलाच पडायला बघतो. तिथं पडला, की गाणं संपेपर्यंत माणूस एक मात्रा पुढं पळत राहतो आणि जोडीदारीण हसऱ्या चेहऱ्यानं त्याला मागं ओढत असते. तिचा हात बघा, कळेल.

रुंब्याची गोष्ट आणखी अवघड. हा नाच संथ, लपायला जागा नाही. पुरुष स्पर्धकांना त्यात बरेचदा कमी गुण मिळतात, त्याचं कारण कंबर. बहुतेक जण कंबर मुद्दाम हलवतात. ती हलवायची नसते. भार पायावर घेत गुडघा सरळ केला की नितंब आपसूक बाजूला बसतो; मोकळा गुडघा वाकलेला राहतो. दोन, तीन, चारला पावलं आणि एकला पाऊल न टाकता अंग बसू द्यायचं. ही एक मात्रा थांबणं फार थोड्यांना झेपतं.

टँगोत चढउतार अजिबात नाही. गुडघे शेवटपर्यंत वाकलेले. कुणी मधेच उंच झाला की चूक.

हे बघून घरी करून बघणाऱ्यांसाठी दोन शब्द फरशीचे. नाचाच्या बुटाचा तळ मऊ, केसाळ कातड्याचा असतो, लाकडावर सरकणारा आणि हवा तिथं अडणारा. आपल्याकडच्या शहाबादी फरशीवर सांध्यांत टाच अडकते आणि खडबडीत जागी गिरकी घेतली तर पाय थांबतो, गुडघा मात्र फिरत राहतो, मुरगळा तिथंच. उन्हाळ्यातली धूळ बसली की तळाचे केस चपटे होतात आणि तोच बूट घसरगुंडी होतो. तारेच्या ब्रशनं घासून ते केस उभे करायचे. मंगल कार्यालयातल्या गुळगुळीत टाइलवर नाच करायचा असेल तर ओल्या फडक्यावर बूट टेकवून घ्यावा. चामडी तळाला नाचणारे एरंडेलाचे दोन थेंब लावतात. तेल असून ते चिकट धरतं. एरंडेलाचा हा उपयोग ऐकून आजीबाई जे काही म्हणतात ते इथं लिहिण्याजोगं नाही.

आता मतं. निवडणुकीचा हिशोब तोंडपाठ असणाऱ्या या मुलखात चर्चेला रंग चढतो तो इथंच. ब्रिटिश पद्धतीत गुणांची बेरीज होत नाही, क्रमांकांची होते. दहा जोड्या असतील तर परीक्षकांच्या पहिल्याला १०, शेवटच्याला १. जनतेच्या मतांचंही तसंच. म्हणजे परीक्षकांचा शेवटचा आणि जनतेचा लाडका असेल त्याचे ११. परीक्षकांचा पहिला आणि जनतेला नकोसा, त्याचेही ११. बरोबरी झाली तर जनतेचं मत वरचढ. सगळ्यात वाईट नाचणारा वर राहू शकतो तो असा. २००८ मध्ये जॉन सार्जंट हे राजकीय पत्रकार लोकांच्या मतांवर इतके टिकले, की शेवटी आपणच जिंकून बसू या भीतीनं त्यांनी माघार घेतली.

त्याच वर्षीच्या उपांत्य फेरीत हिशोबच गडबडला. तीन जोड्या उरल्या होत्या. परीक्षकांकडं दोघींची बरोबरी झाली, त्यांना तीन-तीन दिले आणि तिसऱ्या टॉम चेंबर्सला एक. जनतेनं त्याला पहिलं केलं तरी ३ आणि १ मिळून चारच. समोर एकीचे किमान पाच, दुसरीचे किमान चार. म्हणजे त्याला किती का मतं पडेनात, खालच्या दोघांत तो येणारच, आणि त्या दोघांतल्या एकाला परीक्षक घरी पाठवतात. हे मतदान सुरू झाल्यावर ध्यानात आलं. मग कुणालाच न काढता तिघांना अंतिम फेरीत नेलं आणि तिथं जिंकला तो चेंबर्सच.

"मग परीक्षक बसवलेत कशाला?" हा मामांचा प्रश्न. अमेरिकेतही तो निघालाच होता. २०१८ मध्ये रेडिओवाले बॉबी बोन्स कमी गुणांवर जिंकले आणि पुढच्या हंगामापासून तळातल्या दोन जोड्यांपैकी कुणाला वाचवायचं हे परीक्षकांच्या हाती दिलं. आपल्या 'झलक'मध्ये २००९ साली फुटबॉलपटू बायचुंग भुतिया जिंकले, त्यावर मात्र इकडं अजून दोन तट आहेत. एक म्हणतो, मतांनी जिंकले. दुसरा म्हणतो, खेळाडूचे पाय आहेत, भार कुठं टाकायचा ते नटांना काय शिकवता. दुसऱ्याच्या बोलण्यात जास्त दम आहे, पण पहिला तट मोठ्यानं बोलतो आणि रिमोट त्याच्याकडं असतो.