१७९९ सालचं मराठी पुस्तक

‘मराठीत या विषयावर एकोणिसाव्या शतकातील स्वतंत्र लेखन आढळत नाही.’ आराखड्याच्या दुसऱ्याच पानावर हे वाक्य होतं. खाली तळटीप. तळटिपेत आमच्या ग्रंथालयाच्या एकत्रित शोधसेवेचं नाव आणि शोध घेतल्याची तारीख. म्हणजे साक्षीदार म्हणून आम्हालाच उभं केलेलं.

मुलगी इतिहास विभागातली, पीएच.डी.ची. विषय चांगला निवडला होता: मुंबई इलाख्यातली देवीची लस आणि लोकांनी तिला दिलेला प्रतिसाद. दुसऱ्या दिवशी सकाळी संशोधन समितीपुढे सादरीकरण होतं. माझ्याकडे ती आराखड्यावर बोलायला आलीच नव्हती. तिला वाङ्मयचौर्य तपासणीच्या अहवालावर सही हवी होती. आजकाल निम्मे संशोधक ग्रंथालयात येतात ते या सहीसाठीच. अहवाल नजरेखालून घालताना ते वाक्य दिसलं आणि पेन थांबलं.

“हे कशावरून लिहिलंस गं?”

“सर्च केलं ना मॅडम. त्या एका बॉक्समध्ये सगळे डेटाबेस एकदम शोधले जातात ना? शून्य रिझल्ट आले. सरांनाही स्क्रीनशॉट दाखवला.”

तिचं काही चुकलं नव्हतं. तो चौकोन आम्हीच संकेतस्थळाच्या कपाळावर लावला आहे आणि दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना ‘इथे टाका, सगळं मिळेल’ असं आम्हीच सांगतो. ‘सगळं’ म्हणजे काय, ते कुणी विचारत नाही आणि आम्हीही आपणहून सांगत नाही.

पूर्वी आमच्याकडे जी पद्धत होती, तीत तुमचा प्रश्न एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणी पाठवला जायचा. ग्रंथालयांच्या तालिकांकडे, म्हणजे पुस्तकांच्या नोंदसूचींकडे, झेड ३९.५० या प्रमाणित संवादपद्धतीतून, इतरांकडे ज्याच्या त्याच्या जोडणीतून. ज्याचं उत्तर वेळेत आलं ते दिसायचं, ज्याचं आलं नाही ते गळायचं. आलेल्यांपैकीही प्रत्येकाकडच्या सुरुवातीच्या काही नोंदीच घेतल्या जायच्या. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसला थेट विचारलं तर ते तुमचा शब्द स्वतःच्या नियंत्रित विषयसंज्ञेशी, म्हणजे त्या विषयासाठी ठरवून दिलेल्या एकाच शब्दाशी, जोडून घेतं. मधल्या चौकोनातून गेलेला प्रश्न बऱ्याचदा नुसते सुटे शब्द होऊन पोचायचा. पण त्या पद्धतीत एक गोष्ट बरी होती. कुणाला विचारलं, कुणी उत्तर दिलं, कुणी नाही, ही यादी बाजूला दिसत राहायची. लाल खुणा असायच्या. विद्यार्थी त्या बघून विचारायला यायचे.

आता जी आहे ती मध्यवर्ती निर्देशांकाची. सगळीकडच्या नोंदी आधीच गोळा करून एका ठिकाणी ठेवलेल्या असतात आणि प्रश्न फक्त त्या साठ्याला विचारला जातो. आमच्या स्वतःच्या डिजिटल संग्रहातल्या नोंदी ओएआय-पीएमएच या, नोंदी गोळा करण्याच्या प्रमाणित मार्गाने तिकडे उचलल्या जातात. उत्तर क्षणात येतं, देखणं येतं, आणि लाल खुणा मात्र कुठेच नसतात. साठ्यात जे आलं नाही किंवा येताना ज्याचं काही बिघडलं, ते जणू जगात नाहीच.

मी तिला खुर्ची ओढायला सांगितली. “बस. तू जसं शोधलंस तसंच मला करून दाखव.”

तिने शब्द टाकला ‘लसीकरण’. भाषा मराठी. वर्षं १८०० ते १९००. शून्य.

शब्द बदलायला हवा हे उघड होतं. ‘लसीकरण’ हा आपल्या काळातला सरकारी शब्द. त्या काळी माणसं देवी काढायची, देवी टोचून घ्यायची. म्हणून तिने ‘देवी’ टाकून पाहिलं आणि पडद्यावर आरत्या, माहात्म्यं, देवी अहिल्याबाई होळकर आणि महाश्वेता देवी असा सगळा दरबार भरला. ती हसायला लागली. मी वर्गांकाची, म्हणजे पुस्तकाला विषयानुसार दिलेल्या आकड्याची, मदत घेतली. ड्युई वर्गीकरणात हिंदू धर्माची पुस्तकं २९४.५ खाली जातात आणि सार्वजनिक आरोग्याच्या अंगाने देवीचा रोग ६१४.५२१ खाली. म्हणजे आकडा लावला की दरबार उठायला हवा. उठलाही, पण त्याबरोबर आमच्या डिजिटल संग्रहातलं सगळंच उठलं, कारण तिथल्या नोंदींना वर्गांकच दिलेले नाहीत. स्कॅनिंग बाहेरच्या कंत्राटदाराकडून करून घेतलं होतं. नोंदीत नाव, लेखक, वर्ष, भाषा, पानं एवढंच भरायचं ठरलं होतं.

मग भाषेची चाळणी उघडली. तिथे मराठी तीनदा: एकदा पूर्ण नावाने, एकदा तीन अक्षरी संकेताने, एकदा दोन अक्षरी संकेताने. जिथून नोंद आली तिथला रिवाज जसाच्या तसा. तिने अर्थातच पूर्ण नावावर टिचकी मारली होती, म्हणजे उरलेल्या दोन गटांतलं मराठी तिच्यासाठी मराठीच नव्हतं. वैताग असा की हे दुरुस्त करणं अवघड नाही, पण ते कुणाच्या कामाच्या यादीत नसतं.

तिन्ही मराठी निवडली, ‘देवी’च्या जोडीला ‘टोचणे’, ‘काढणे’ आणि त्यांची रूपं टाकली, वर्षाची चाळणी काढून टाकली आणि जुनं आधी असा क्रम लावला.

पहिलीच नोंद होती आमच्याच संग्रहातली. देवी टोचून घेण्याविषयीचं लहानसं पुस्तक. प्रकाशन वर्ष १७९९.

ती म्हणाली, “मॅडम, हे शंभर वर्षांच्या बाहेरचं झालं, म्हणून आलं नसेल.”

मी काही क्षण नुसती बघत राहिले. १७९९ म्हणजे नाना फडणवीस हयात होते. देवनागरीतल्या मराठी पुस्तकांची छपाई १८०५च्या सुमारास सुरू झाली, तीही बंगालमधल्या श्रीरामपूरला. बरं, छापखान्याचं सोडून देऊ. देवीची लस शोधणाऱ्या एडवर्ड जेन्नरने आपलं निबंधवजा पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध केलं १७९८ साली. ती लस हिंदुस्थानात पहिल्यांदा यशस्वीपणे टोचली गेली १४ जून १८०२ रोजी, मुंबईत, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. आणि आमच्या संगणकाच्या मते त्याच्या तीन वर्षं आधी मराठी माणूस लस कशी घ्यावी यावर पुस्तक लिहून छापून मोकळा!

“हे शके असणार,” मी म्हटलं. “अठ्ठ्याहत्तर मिळव.”

तिने बोटांवर हिशेब केला. “अठराशे सत्त्याहत्तर.” आणि मग एकदम, “मॅडम, मुंबईचा व्हॅक्सिनेशन ॲक्ट १८७७चा आहे!”

आता सहीचं कुणालाच आठवेना.

डिजिटल प्रत उघडली. मुखपृष्ठाच्या तळाशी स्वच्छ अक्षरांत ‘शके १७९९ ईश्वरनाम संवत्सरे’. त्याच्याखाली बारीक टाइपात आणखी एक ओळ होती, पण तिच्यावर ग्रंथालयाचा लंबगोल जांभळा शिक्का बसलेला. पडद्यावर कितीही मोठं केलं तरी शिक्क्याच्या शाईखाली ‘सन’ एवढंच वाचता येत होतं. नोंद भरणाऱ्या मुलाला जो आकडा दिसला तो त्याने वर्षाच्या रकान्यात टाकला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. रकान्यात शके की इसवी असा प्रश्नच नव्हता, चार अंक मागितले होते, त्याने चार अंक दिले. मजकूर चित्ररूपात असल्यामुळे आतला एकही शब्द शोधात सापडणं शक्य नव्हतं.

स्टॅकमधले काका मूळ प्रत घेऊन आले. ते निवृत्तीला टेकलेत, आणि जुन्या दाखल क्रमांकांचा माग त्यांना संगणकापेक्षा लवकर लागतो. पुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं ते कागदाच्या पाकिटासकट. कडा हात लावला की तुटतात. मी पान खिडकीकडे तिरकं धरलं. शिक्क्याखालून ‘सन १८७७ इसवी’ वर आलं.

काकांनी मग जाता जाता विचारलं, “कार्ड बघितलं का मॅडम?”

आमचं कार्डांचं कपाट अजून व्हरांड्यात आहे. त्यावर सध्या अंगठ्याची हजेरी घेणारं यंत्र ठेवलंय. खण ओढला. कार्डावर निळ्या शाईतलं वळणदार अक्षर: श. १७९९ (१८७७). कंस करून दोन्ही वर्षं. विषयाच्या जागी ‘देवी (रोग)’. नुसतं देवी नव्हे, पुढे कंसात रोग. ज्याने कुणी ही तालिका केली त्याने या मुलीचा प्रश्न कितीतरी वर्षं आधी सोडवून ठेवला होता. आम्ही स्कॅन करताना पुस्तक घेतलं आणि कार्ड खणातच राहू दिलं. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार कुठून असं आपण म्हणतो. इथे आडात होतं, पोहराच तिथवर सोडला नव्हता.

दुपार झाली होती. जेवणाचा डबा मी तिच्याशी वाटून घेतला आणि पुढचं काम आम्ही चौकोनाच्या बाहेर केलं, एकेका ठिकाणी जाऊन. शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीचा १८०० ते १९३७चा खंड मी तिच्यापुढे ठेवला आणि वैद्यकाची पानं ओळीने वाचायला लावली. ही पिढी सूची वाचत नाही, सूचीत शोधते. फरक तिला पहिल्या काही पानांतच कळला असावा, कारण ती मान वर न करता लिहून घेत होती. शोधगंगेत, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, प्रबंधांची शीर्षकं कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये असतात म्हणून दोन्ही लिप्यांत शोधलं. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची स्कॅन केलेली पुस्तकं आता इंटरनेट अर्काइव्हवर मिळतात, पण मराठी नावांचं रोमन रूपांतर ज्याने त्याने कानाला येईल तसं केलेलं; तिथे पूर्ण नाव टाकायचं नाही, नावातला एखादा न बिघडणारा तुकडा टाकायचा. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह जुन्या सरकारी कागदांसाठी धुंडाळला.

सगळ्यात मोठा ऐवज मात्र एडिंबरोला होता. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश हिंदुस्थानच्या वैद्यकीय इतिहासाचे जुने सरकारी अहवाल स्कॅन करून खुले ठेवले आहेत, आणि त्यात लस टोचणीच्या अहवालांचा वेगळा विभाग आहे. मजकूर शोधता येतो, पैसे पडत नाहीत. आमच्या चौकोनात ते नाही, कारण आमच्याकडे निर्देशांकात काय चालू ठेवायचं हे ठरताना विकत घेतलेले डेटाबेस आधी बघितले जातात. पैसे मोजलेत तर ते दिसले पाहिजेत, असा तो हिशेब. फुकटच्या चांगल्या गोष्टींची शिफारस करायला कुणाचा प्रतिनिधी येत नाही.

पाचच्या सुमाराला तिने ते वाक्य खोडलं. त्या जागी काय लिहावं हे मी सांगितलं नाही. तिने लिहिलं की मराठी साहित्य उपलब्ध आहे पण विखुरलेलं आणि सदोष नोंदींखाली आहे, आणि पुढे आम्ही तपासलेली प्रत्येक जागा, वापरलेले शब्द आणि लिपी अशी यादी जोडली. मी सही केली. दुसऱ्या दिवशी समितीने मान्यता दिली. एका सदस्यांनी म्हणे त्या यादीची प्रत मागून घेतली.

त्या संध्याकाळी मी आमच्या संगणक विभागातल्या मुलाला बसवलं आणि डिजिटल संग्रहातल्या, भाषा मराठी व वर्ष १८०५च्या आधीचं, अशा सगळ्या नोंदी काढायला सांगितल्या. यादी आली. हस्तलिखितं वगळली की उरलेल्या सगळ्यांची वर्षं शके होती. तो खूश. म्हणाला, “मॅडम, सोपं आहे, सगळ्यांत अठ्ठ्याहत्तर मिळवतो, एका कमांडचं काम.”

“आणि शके १८१२ची पुस्तकं?” मी विचारलं.

त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. शके १८१२चं, म्हणजे १८९०चं पुस्तक, यादीत १८१२ म्हणून बसलेलं असणार, आणि १८१२ साली मराठी पुस्तक छापलेलं असणं अशक्य नाही. ते खोटं असूनही खरं दिसतं. जे अशक्य होतं ते पकडलं गेलं. जे शक्य वाटतं ते कुठलीही कमांड पकडणार नाही. गुजराती पुस्तकांचं तर याहून वाईट: विक्रम संवत १९३४ हे इसवी १९३४ म्हणून कुणाच्याही डोळ्यात खुपणार नाही, आणि ते पुस्तकही १८७७-७८चंच असेल.

म्हणून आता १८०५ ते १८६०मधली प्रत्येक मराठी नोंद मुखपृष्ठ उघडून बघणं चालू आहे. काका कार्डांचे खण आणून देतात, अजून दोन वर्षं आहेत म्हणतात त्यांची. मी कुलसचिवांकडे एका तात्पुरत्या सहायकाची मागणी केली होती. ‘शोधसेवा स्वयंचलित असताना मनुष्यबळाची आवश्यकता स्पष्ट करावी’ असा शेरा मारून फाइल परत आली आहे. स्पष्टीकरणात त्या मुखपृष्ठाची झेरॉक्स लावली आहे, शिक्क्यासकट.