तुम्ही विचारलंत म्हणून: इतके चांगले सर का सोडले?

स्केटिंग रिंकच्या कठड्याला टेकून उभ्या असलेल्या पालकांपैकी कुणी ना कुणी हे विचारतंच. "सर इतके चांगले, मग लेकीला तिथून का काढलंत?" कधी त्याला शेपूट असतं: "नव्या मॅडमकडे मेडलं जास्त मिळतात का?"

सर चांगलेच होते. लेक पाच वर्षांची असल्यापासून कोथरूडमध्ये त्यांच्याकडे शिकली. पडायचं कसं हे त्यांनी आधी शिकवलं, धावायचं कसं ते नंतर. आमच्या रिंकवर सगळी गर्दी स्पीड स्केटिंगची. आर्टिस्टिक, म्हणजे चाकांच्या बुटांवर उड्या-गिरक्या, करणाऱ्या जेमतेम चौघी, त्यांच्यासाठी सर सकाळी अर्धा तास लवकर येत. पावसाळ्यात फरशी ओली असली की स्वतः पोतं घेऊन पुसत. हे मी कसं विसरेन?

अडलं ते लुट्झ या उडीवर. डाव्या पायावर उलटं जात, बाहेरच्या कडेवर कललेलं राहून, उजव्या पायाचा टो-स्टॉप (बुटाच्या टोकाखालचा रबरी ठोकळा) मागे टेकवून उडायचं. अवघड अशासाठी, की ज्या बाजूला वळत आलो त्याच्या उलट बाजूला गिरकी घ्यायची असते. पायाला ते नको असतं. शेवटच्या क्षणी तो आतल्या कडेवर पडतो आणि लुट्झची फ्लिप, म्हणजे आतल्या कडेवरून मारायची वेगळीच उडी, होऊन जाते. आपल्याला दोन्ही उड्या सारख्याच दिसतात, पण परीक्षकांच्या नजरेतून ते सुटत नाही आणि गुण जातात.

मॅडमनी पहिल्या दिवशी तिला उडी मारूच दिली नाही. फक्त उलटं जायला सांगितलं आणि जिथून चाकं गेली तिथे मागोमाग खडूने रेघ ओढली. मग लेकीला खाली बसवून ती रेघ बोटाने गिरवायला लावली. छान एका बाजूला वळत आलेली रेघ शेवटच्या वीतभरात दुसरीकडे वळली होती. लेक बराच वेळ तिथेच बसून राहिली. सात वर्षांत मी तिच्या शेकडो उड्या पाहिल्या असतील, ती वीतभर जागा मला कधी दिसली नव्हती.

सरांना मात्र दिसली होती. आम्ही सांगायला गेलो तेव्हा तेच म्हणाले, "मला ठाऊक आहे. पण दर दोन महिन्यांनी स्पर्धा. मोडून पुन्हा बांधायला सवड कुठे होती? आणि तिला हरताना बघायला माझा धीर झाला नाही." त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला. आणि निर्णयही तिथेच पक्का झाला.

मोडून बांधणं म्हणजे काय, हे बर्फावर फिगर स्केटिंग करणाऱ्या जपानच्या माओ असादाकडे बघून कळतं. 2010 च्या व्हँकूवर ऑलिंपिकमध्ये तिला रौप्य मिळालं होतं, त्याच वर्षी ती जगज्जेतीही झाली होती. तरी ती नोबुओ सातो या प्रशिक्षकांकडे गेली आणि उड्या अगदी पायापासून पुन्हा शिकायला लागली. तिच्याही लुट्झची कड चुकायची. त्याच हंगामात, जपानमध्येच होणाऱ्या एनएचके ट्रॉफी स्पर्धेत, ती आठवी आली. पुन्हा जगज्जेती झाली ती 2014 मध्ये. बर्फावरच्या अशा मुलीला चार वर्षं लागली, तर आमच्या बारा वर्षांच्या पोरीला किती लागतील ते लागू देत.

मेडलांचं म्हणाल, तर यंदा एकही नाही. आठ महिने दुहेरी (हवेत दोन गिरक्यांच्या) उड्या बंद आहेत. पहाटे साडेपाचला चांदणी चौकातून पलीकडे जातो आणि ती तासभर सहा मीटरच्या वर्तुळावर फिरत राहते, कधी बाहेरच्या कडेवर, कधी आतल्या. दोनदा रडली, एकदा बूट काढून घरी चल म्हणाली. मी पोटात कालवाकालव होत असतानाही गप्प बसले. मॅडमनी पाणी दिलं, अर्ध्या तासाने तिनेच पुन्हा नाड्या बांधल्या.

गुरुपौर्णिमेला आम्ही सरांकडे गेलो. तिने वाकून नमस्कार केला. "दाखव," सर म्हणाले. हॉलमधल्या फरशीवर अनवाणीच तिने लुट्झचा पवित्रा घेतला. सर चष्मा लावून खाली वाकले, तिच्या डाव्या पायाची करंगळीकडची कड बोटाने चाचपली आणि म्हणाले, "इथेच राहा. आणखी थोडा वेळ."

ती मनातल्या मनात दहा आकडे मोजत तशीच उभी राहिली.