अंगठ्याखालची रेघ

काल संध्याकाळी अप्पांनी चाकू हातात घेतला, खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरका धरला आणि मुठीच्या पोलादी पट्टीवर मी कोरलेल्या वेलीवरून अंगठा फिरवला. तिसऱ्या पानापाशी अंगठा थांबला, थोडा मागे गेला आणि पुन्हा तिथेच येऊन थांबला. मग "छान झालंय" एवढेच म्हणून त्यांनी चाकू मिटला आणि खिशात ठेवला. घडले ते इतकेच. तरीही रात्री मला नीट झोप लागली नाही आणि आज सकाळपासून दुसऱ्या कोणत्याच कामात लक्ष लागत नाही.

त्या पानावर एक ओरखडा आहे. पानाच्या देठाकडे छायेच्या रेघा भरत असताना कोरणी निसटली आणि पानाची कड ओलांडून कोऱ्या जागेत ६ मिलिमीटर धावत गेली. कोरणी निसटणे मला नवे नाही. गेल्या १४ महिन्यांत ती इतक्या वेळा निसटली आहे की डाव्या अंगठ्यावर तिच्या बारीक खुणा कायमच्या राहिल्या आहेत. ओरखड्याचे वाईट वाटतेच, पण रात्रभर मनात घोळत राहिले ते निराळे. कोरणीची अणी, म्हणजे तिचे टोक, तुटली आहे हे मला ती निसटण्याच्या आधीच कळले होते.

धार जागेवर असली की चराचा तळ आरशासारखा चकाकतो आणि कीस अखंड गुंडाळत वर येतो. त्या पानाच्या चौथ्या रेघेपासून चराचा तळ करडा दिसू लागला, कीस तुटून भुकटीसारखा पडू लागला आणि तळहाताला नेहमीपेक्षा जास्त रेटा द्यावा लागला. अशा वेळी कोरणी भिंगाखाली धरून दिव्यासमोर फिरवायची असते. शाबूत अणीवरून उजेड परतत नाही, तुटलेल्या अणीवर मात्र एक पांढरा ठिपका चमकतो. तो ठिपका तिथे असणार हे जाणून मी पाहायचे टाळले, आणि पाचवी, सहावी, सातवी अशा आणखी तीन रेघा ओढायला घेतल्या. सातवीला ती निसटली.

तांब्यावर हे कदाचित खपून गेले असते, कारण तांबे मऊ असते. ही पट्टी ३०४ प्रतीच्या स्टेनलेस पोलादाची आहे, आणि या पोलादाला कापण्याऐवजी नुसते घासले तर घासलेली जागा आणखी कठीण होत जाते. बोथट अणीने मी ओढलेल्या प्रत्येक रेघेने पुढच्या रेघेची वाट अवघड करून ठेवली होती. अणी रुतेना म्हणून हाताने जोर वाढवला, आणि अणी सुटली तेव्हा तो साठलेला सगळा जोर पानाबाहेर गेला. यात अनाकलनीय असे काहीही नव्हते. मला सगळे ठाऊक होते, आणि तरीही मी थांबले नाही.

का थांबले नाही, या प्रश्नाशी मी पुन्हा पुन्हा येते आहे. रात्री वाटत होते की माझ्या शेजारी बसून कोणी कधी माझे मनगट धरले नाही, म्हणून असे झाले. लिहिलेले वाचून कोन कळतात, किती रेटा द्यायचा ते कळत नाही. कोणी जाणते माणूस त्या चौथ्या रेघेला नुसते "थांब" म्हणाले असते तर ते पान वाचले असते, असे वाटून मला फार एकटे वाटले. एका वर्षात हातोडीचा ठोका सुधारला, वळणावर हाताऐवजी पट्टी पकडून ठेवणारा शेगडा फिरवायची सवय लागली, पण हे सारे पाहायला कोण होते? आईने एकदा पाहिले होते. असो.

सकाळी मात्र हे कारण मला पटेना, कारण "थांब" हा शब्द चराच्या करड्या तळात स्पष्ट लिहिलेला होता. थांबायचे नव्हते ते सहाणीच्या भीतीने. धार लावणे हीच माझी सर्वांत कच्ची बाजू आहे. कोरणीचा दर्शनी उतार ५० अंशांचा आणि खालची टाच २० अंशांची ठेवायची, टाचेची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्याही आत राखायची आणि दोन्ही बाजू अगदी सारख्या आणायच्या. कोन धरणारा साचा वापरूनही माझ्याकडून त्यात चूक होते. मागे एकदा टाच लांब राहिली, प्रत्येक वळणाची बाहेरची कड खरवडली जाऊ लागली, आणि मी आठ दिवस पोलादालाच दोष देत राहिले. तेव्हापासून चालती कोरणी पुन्हा सहाणीला लावायची म्हणजे हातातले गमवायचे, अशी धास्ती मनात बसली आहे. वीस मिनिटे वाचवावीत म्हणून मी पुढे गेले नव्हते. आता मिळालेला कोन पुन्हा मिळणार नाही या भीतीने गेले होते.

हे लक्षात आल्यावर थोडे हलके वाटले, हे मान्य केले पाहिजे. आज दुपारी वेलीचा विचार बाजूला ठेवून सरावाची पट्टी शेगड्यात बसवली आणि हाताशी असलेल्या तिन्ही कोरण्या मुद्दाम एकामागून एक सहाणीवर घेतल्या. पहिली बिघडली. दुसरी बरी झाली. तिसरी अंगठ्याच्या नखावर आडवी टेकवली तेव्हा जोर न देताही ती घसरली नाही, आणि तिने काढलेल्या रेघेचा तळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लखलखला. दोन तासांत प्रत्यक्ष कोरणे अर्ध्या तासापेक्षा जास्त झाले नसेल. पूर्वी असा दिवस मी वाया गेला असे समजून मोजत असे.

ओरखड्याचे काय करायचे तेही दिवसभर मनात होते. तो इतका खोल आहे की घासून घालवायचा तर सगळी पट्टी खाली आणावी लागेल, आणि मग पानांच्या बारीक रेघा फिक्या पडतील. त्याला पुढे वळवून वेलीचा एक तणावा करता येईल, आणि कोणाला कळणारही नाही. मी कागदावर तो तणावा काढूनही पाहिला, चांगला दिसतो. पण अप्पांच्या अंगठ्याला ती रेघ आधीच सापडलेली आहे, आणि मला आता ती त्यांच्यापासून झाकायची नाही.

आत्ता जेवणानंतर त्यांच्या टेबलाजवळून गेले तेव्हा चाकू तिथे मिटलेला पडला होता. कोरलेली बाजू वर होती.