गाडीच्या मागच्या दाराची काच फुटली तर: आधी चुरा, मग काच

चोरट्याने गाडीच्या मागच्या दाराची काच फोडली की बहुतेक जण पहिला फोन काच बसवणाऱ्याला करतात. फुटलेली जागा लवकर बंद व्हावी, पाऊस आत येऊ नये, म्हणून घाई होते आणि ते साहजिक आहे. पण या कामात काच बसवणं हा सर्वांत सोपा भाग. जुन्या काचेचा चुरा दारातून पूर्ण काढणं आणि आतली, पाणी अडवणारी शीट नीट परत लावणं, या दोन गोष्टींवर पुढच्या दोन वर्षांची डोकेदुखी ठरते. नेमक्या त्याच दोन गोष्टी घाईत राहून जातात.

काहीही हात लावण्याआधी फोटो काढा. गाडीचा नंबर आणि फुटलेली काच एका चौकटीत येईल असा एक, आतल्या सीटचा एक, उचकटलेलं काही असेल तर त्याचा एक. मग जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा ११२ वर कळवा आणि पंचनामा होणार आहे का ते विचारून मगच साफसफाईला लागा. सामान गेलं असेल तर तक्रार चोरीचीच द्या. ‘वस्तू गहाळ’ अशी नोंद करून घेतलीत तर विम्याच्या दाव्यात अडकाल. मोबाइल गेला असेल तर तक्रारीची प्रत घेऊन संचार साथी पोर्टलवरून त्याचा आयएमईआय (हँडसेटचा ओळख क्रमांक) बंद करता येतो. गाडीची दुसरी किल्ली डॅशबोर्डच्या कप्प्यात होती आणि ती गेली असेल, तर काचेआधी कुलूप आणि किल्लीचं बघा.

आणि त्या दाराच्या पॉवर विंडोच्या बटणाला हात लावू नका. काच उरली आहे का ते बघायला म्हणून बटण दाबलं जातं, आणि दारात पडलेले तुकडे काच वर-खाली करणाऱ्या मशीनच्या केबलमध्ये, पुलीमध्ये ओढले जातात. काच फुटली तरी मशीन बहुधा शाबूत असतं. ते बिघडतं या एका बटणामुळे.

बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड असतात. सहाशे अंशांहून जास्त तापवून हवेच्या झोताने झटक्यात थंड केल्यामुळे पृष्ठभागावर कायमचा दाब राहतो, आतल्या थरात ताण. एका जागी तो दाब भेदला की सगळी काच एका क्षणात खडीसाखरेएवढ्या तुकड्यांत सुटते. पुढची विंडशील्ड लॅमिनेटेड असते (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर), म्हणून ती तडकते पण जागेवर राहते. यातून दोन गोष्टी निघतात. टफन्ड काच नंतर कापता किंवा घासता येत नाही, म्हणून ती त्याच गाडीसाठी बनलेली तयारच घ्यावी लागते. ‘साध्या काचेतून कापून देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून निघा, कारण साधी काच अपघातात सुऱ्यासारखी तुटते. दुसरं म्हणजे, या काचेची धार हा तिचा दुखरा भाग आहे. मधोमध ठोसा सहन करणारी काच कडेला धातू टेकला की फुटते. बसवताना याची आठवण ठेवा.

आता चुरा. जाड हातमोजे आणि बूट घाला. सीटवर हात फिरवून झटकू नका, त्याने बारीक कण कापडात रुततात. मोठे तुकडे हाताने उचला, मग व्हॅक्यूम. घरच्या पिशवीवाल्या व्हॅक्यूमची पिशवी फाटते. गाडी धुण्याच्या सेंटरवर ओला-सुका व्हॅक्यूम असतो, तो बरा. शेवटचे बारीक कण उचलायला मळलेल्या कणकेचा गोळा उत्तम: दाबायचा, उचलायचा. तो गोळा नंतर कागदात गुंडाळून, वर ‘काच’ असं लिहून टाका. नाहीतर रस्त्यावरच्या गाईच्या किंवा कुत्र्याच्या पोटात जाईल.

राहून जाणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. पुढच्या सीटचे रूळ, दाराचा खिसा आणि स्पीकरची जाळी, मागच्या सीटची बैठक आणि पाठ यांमधली फट. बऱ्याच हॅचबॅकमध्ये बैठकीची पुढची कड दोन क्लिपांवर असते, वर उचलली की निघते. खाली मूठभर काच हमखास सापडते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, बकलच्या खाचेतही बघा. पट्ट्यात रुतलेला कण प्रत्येक वेळी पट्टा आत जाताना धागे कापत राहतो. लहान मुलाची सीट लावलेली असेल तर ती काढून, कव्हर उतरवून स्वतंत्र साफ करा.

काच मिळेपर्यंतचं झाकण: जाड प्लास्टिक घ्या, दाराच्या चौकटीपेक्षा हातभर मोठं. ते बाहेरून लावून वरची आणि बाजूची कड चौकटीवरून आत वळवा आणि दार बंद करा, म्हणजे दाराचं रबरच ते धरून ठेवतं. खालच्या कडेला आधी मास्किंग टेप, मग त्यावर हवी ती टेप. तपकिरी पॅकिंग टेप सरळ रंगावर लावली आणि गाडी दिवसभर उन्हात राहिली तर तिचा गोंद काढताना रंगाची चकाकी जाते. गाडी चालवायचीच असेल तर बाकीच्या काचा बंद ठेवा आणि वेग कमी.

विम्याचं गणित काच मागवण्याआधी करा. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर यातलं काही मिळत नाही. सर्वंकष पॉलिसीत काचेला घसारा शून्य धरतात, म्हणजे झीरो डेप (घसारा न कापण्याचं जोडकलम) नसलं तरी काचेची पूर्ण किंमत धरली जाते. रबर आणि प्लास्टिकवर मात्र निम्मी कपात होते. त्यातून तुम्ही स्वतः सोसायचा सक्तीचा वाटा वजा होतो: १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये, त्यापुढे २००० रुपये. खरा खर्च लपलेला असतो तो नो क्लेम बोनसमध्ये, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सुटीत. समजा तुमच्या ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचा) मूळ हप्ता १०,००० रुपये आहे आणि आत्ता ३५ टक्के बोनस आहे. दावा केला नाही तर पुढच्या वर्षी ४५ टक्के, म्हणजे ४,५०० रुपयांची सूट. दावा केला तर शून्य. वरचे १००० धरून हा दावा पहिल्याच वर्षी ५,५०० रुपयांना पडला, आणि बोनसची पायरी पुन्हा तळापासून चढायची. म्हणून एका दाराच्या काचेसाठी दावा क्वचितच परवडतो. बोनस संरक्षणाचं जोडकलम असेल किंवा तुमची कंपनी केवळ काचेच्या दाव्यावर बोनस कापत नसेल, तर गोष्ट वेगळी. पॉलिसीच्या कागदावर ते लिहिलेलं असतं. गाडीतून गेलेला लॅपटॉप, बॅग यांची भरपाई साध्या मोटार पॉलिसीत नसते, त्याला वेगळं जोडकलम लागतं.

काच मागवताना दुकानदाराला चॅसिस नंबर द्या, केवळ मॉडेलचं नाव नको. एकाच नावाच्या गाडीच्या दोन पिढ्यांत मागच्या दाराचा आकार बदलतो. डावी की उजवी ते गाडीत बसलेल्या माणसाच्या बाजूने सांगतात; ड्रायव्हरच्या मागची ती उजवी. सरकणारी मोठी काच फुटली आहे की तिच्या मागची छोटी तिकोनी, तेही सांगा. दोन्हींना मागच्या दाराची काच म्हणतात आणि इथेच चुकीचा माल येतो. उरलेल्या काचांवरचा शिक्का बघून रंगछटा जुळवा: बिनरंगाची, हिरवट किंवा गडद. बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा असा नियम आहे, तेव्हा बदलायचीच आहे तर काळी घेऊ, हा विचार नको. शिक्क्यात आयएसआय चिन्ह आणि आयएस २५५३ हा मानक क्रमांक असायला हवा. सेंट-गोबेन सेक्युरिट आणि असाही इंडिया या दोघांच्या काचा बहुतेक गाड्यांना मुळातच लागलेल्या असतात, त्या बाजारातही मिळतात. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर जुनी काचही मिळते. जुनी घ्यायला हरकत नाही, फक्त चारही कडांवरून नख फिरवून टवका नाही ना ते बघा, आणि बिल घ्याच. बिल नसलेला सुटा भाग कुणाच्या गाडीतून आला ते कळत नाही.

काचेबरोबर डोअर पॅडच्या (दाराच्या आतल्या बाजूच्या आवरणाच्या) पाच-सहा क्लिपा घ्या, कारण जुन्या निघताना तुटतात. काचेचं रबर चॅनल (काच ज्यात सरकते ती खाच) आणि बाहेरची बीडिंग (काचेच्या खालच्या कडेची पट्टी) चोरट्याने स्क्रू ड्रायव्हरने उचकटलेली असेल तर तीही.

काम असं चालतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, बहुतेक गाड्यांत दहाचा पाना लागतो. दाराचं हँडल आणि आतल्या कडीच्या मागचे स्क्रू छोट्या टोपणांखाली लपलेले असतात. ते काढून पॅडच्या खालच्या कडेत प्लास्टिकची पट्टी घालून एकेक क्लिप सोडवा. लोखंडी पाना घातला तर पत्र्याला ओरखडा पडतो आणि तिथून गंज सुरू होतो. सगळ्या क्लिपा सुटल्या की पॅड वर उचला आणि कनेक्टर, कडीची केबल काढा. हाताने फिरवायचं हँडल असेल तर त्यामागे तारेची छोटी क्लिप असते. कापडाची चिंधी मागे घालून दोन्ही बाजूंना घासली की ती निघते, पण उडून हरवते, तेव्हा हात आडवा धरा.

पॅडमागे काळ्या चिकट डिंकाने लावलेली शीट दिसेल. ती फाडू नका. ब्लेडने डिंक आडवा कापत सावकाश उलगडा आणि डिंकाला धूळ लागणार नाही अशी दुमडून ठेवा.

आता दाराच्या पोटातला चुरा. व्हॅक्यूमची नळी तळापर्यंत घाला, मग तळाची पाणी जायची छिद्रं तारेने मोकळी करा. तिथे काच आणि माती मिळून घट्ट गठ्ठा होतो. नंतर रबर चॅनल. त्याच्या मऊ मखमली खाचेत तुकडे अडकलेले असतात, दिसत नाहीत. पातळ प्लास्टिकची पट्टी वरपासून खालपर्यंत फिरवा, दोन वेळा. इथे राहिलेला एक खडा नव्या काचेवर पहिल्याच दिवशी उभी रेघ ओढतो, आणि ती रेघ पॉलिशने जात नाही.

मागच्या दाराची अडचण ही की चाकाच्या कमानीमुळे खाली जागा कमी असते, आणि मोठी काच आत जायला तिच्या आणि तिकोनी काचेच्या मधली उभी पट्टी सैल करावी लागते. तिचा एक स्क्रू वर चौकटीच्या रबराखाली, एक-दोन बोल्ट खाली दाराच्या आत. हे न करता काच तिरपी कोंबली की कोपरा पत्र्याला लागतो आणि नवी काच हातात फुटते. पट्टी सैल करा, बाहेरची बीडिंग काढा, काच पुढे झुकवून वरून आत सोडा, सरळ करून चॅनलमध्ये घ्या, मग पट्टी पुन्हा जागेवर. चॅनलला सिलिकॉन स्प्रे मारा. तेल किंवा ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.

मशीनवर काच दोन बोल्टने किंवा चिमट्याने बसते. बॅटरी आणि स्विच तात्पुरते जोडून मशीन अशा उंचीला आणा की बोल्ट दाराच्या छिद्रातून दिसतील. साइड एअरबॅग असलेल्या गाडीत याआधी दारातला प्रत्येक सेन्सरचा कनेक्टर परत जोडलेला हवा. बोल्ट आणि काच यांच्यामधले प्लास्टिकचे वॉशर जुन्या चुऱ्यात हरवतात; ते नसतील तर काम थांबवा आणि वॉशर आणा. बोल्ट आधी हातानेच लावा, काच पूर्ण वर नेऊन वरच्या रबरात बसू द्या आणि मग घट्ट करा. आधी घट्ट करून वर नेली तर काच किंचित तिरपी राहते, वाऱ्याचा आवाज येतो आणि मोटरवर ताण पडतो. बोल्टला मनगटाचा जोर पुरे. पाच-सहा वेळा वर-खाली करून बघा, पॅड नंतर. एका स्पर्शात वर जाणारी काच असेल तर वर गेल्यावर बटण काही सेकंद दाबून धरल्याशिवाय ती सुविधा बहुधा चालू होत नाही. तुमच्या गाडीची पद्धत मॅन्युअलमध्ये असते.

शीट परत लावताना एक गोष्ट समजून घ्या. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आत जातंच, ते तसंच ठरवलेलं आहे, आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर पडतं. शीट ते पाणी पॅडकडे येऊ देत नाही. म्हणून शीटची खालची कड पत्र्याच्या खाचेतून दाराच्या आत जायला हवी. ती बाहेर लोंबत राहिली किंवा शीट फेकून दिली (गॅरेजमध्ये ती सर्रास फेकतात) तर जूनमध्ये पायाखालचा गालिचा ओला, जुलैत कुबट वास आणि पुढे वायरिंगवर हिरवा कळंक. जुना डिंक गेला असेल तर ब्यूटाइल टेपची (चिकट रबरी पट्टीची) गुंडाळी मिळते. पॅड लावण्याआधी काच बंद ठेवून वरून दोन-तीन तांबे पाणी ओता: तळातून पाणी आलं आणि शीटची आतली बाजू कोरडी राहिली तर पॅड लावा.

फुटलेली काच दाराची नसून बॉडीला चिकटवलेली तिकोनी असेल, तर काम व्यावसायिकाकडे द्या. तिथे जुन्या पॉलियुरेथेनचा (काच चिकटवणाऱ्या गोंदाचा) पातळ थर शिल्लक ठेवून, प्रायमर लावून त्याची नवी माळ ओढावी लागते. हार्डवेअरच्या दुकानातलं व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन तिथे भरू देऊ नका. त्याने पत्रा गंजतो, आणि त्यावर नंतर पॉलियुरेथेनही धरत नाही. बसवल्यावर दिवसभर गाडी धुऊ नका, दारं आपटू नका.

आठवड्याने, चार खड्डे खाऊन झाल्यावर, गाडी पुन्हा एकदा व्हॅक्यूम करा. दार हलकेच उघड-बंद करून कान द्या. तळाशी खळखळ ऐकू आली तर तुकडे अजून आत आहेत; पॅड परत काढा.