तुम्ही विचारलंत म्हणून: व्हीलचेअरवरून वाघ पाहायला

‘तिला घेऊन सफारीला कशा जाता? पोरीचे हाल होत नाहीत का?’ हा प्रश्न मला बेळगावातल्या लग्नकार्यांत, खानापूरच्या बस स्टँडवर आणि शाळेच्या फाटकाशी इतक्या जणांनी विचारला आहे, की एकदा सविस्तर उत्तर लिहावे असे वाटले. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर नीट ताबा न राहणे) आहे आणि ती व्हीलचेअर वापरते. वाघ म्हणजे तिचा जीव की प्राण. हाल होतात हे खरे, पण ते बसच्या तीन पायऱ्यांपाशी होतात.

दोन वर्षांपूर्वी आम्ही घरापासून बऱ्याच दूरच्या एका सफारी उद्यानात गेलो होतो. निघण्याआधी मी फोनवर ‘व्हीलचेअर चालेल ना?’ असे विचारले, तेव्हा ‘या की, काही अडचण नाही’ असे उत्तर मिळाले. तिथे पोचल्यावर कळले की व्हीलचेअर फाटकापर्यंतच चालते, सफारीच्या बसला तीन उंच पायऱ्या आहेत आणि खुर्ची बाहेरच ठेवावी लागते. ‘उचलून घेऊ की अक्का’ म्हणत दोघे जण पुढे आले. त्यांच्या मनात चांगुलपणाच होता, यात मला शंका नाही. तरीही रांगेतल्या सगळ्यांच्या देखत अनोळखी हातांनी काखेत धरून उचलले जाताना तिने फ्रॉक गुडघ्यांवर घट्ट ओढून धरला होता आणि डोळे मिटून घेतले होते. आत बसवल्यावर खिडकीची कड तिच्या डोळ्यांच्या वर आली. बाकीची मुले ‘तो बघ, तो बघ’ म्हणत असताना तिला पुढच्या सीटची पाठ आणि थोडेसे आभाळ, एवढेच दिसले.

तेव्हापासून मी ‘चालेल का’ असे कधीच विचारत नाही, मी मापे विचारते. गाडीला पायऱ्या किती, दाराची रुंदी किती, खुर्चीसकट आत जाता येते का, ती पट्ट्यांनी बांधता येते का आणि बसल्यावर खिडकीची कड किती उंचीवर येते, हे सगळे वहीत लिहून घेते. ‘रॅम्प आहे’ असे कुणी म्हणाले तर त्याची लांबी विचारते, कारण सरकारी मानकांनुसार एक फूट चढण्यासाठी किमान बारा फूट लांबीचा उतार हवा. पायऱ्यांवर टाकलेल्या फळीला रॅम्प म्हणता येत नाही. उत्तर देणारा माणूस टेप घेऊन प्रत्यक्ष मोजायला गेला, तर तिथे आपली सोय होईल असे मी अनुभवाने समजते.

हे मागताना संकोच वाटू नये, म्हणून कायद्याबद्दलही सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे आणि त्याचे नियम २०१७ मध्ये आले. त्यानंतर पाच वर्षांच्या आत जुन्या सार्वजनिक इमारतीही सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायच्या होत्या, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली आहे.

दूर जाण्याआधी आम्ही बेळगावजवळच्या भुतरामहट्टीच्या राणी चन्नम्मा प्राणी संग्रहालयात सराव करतो, कारण ते जवळ आहे आणि काही जमले नाही तर जेवायच्या वेळेपर्यंत घरी परतता येते. पावसाळ्यात मात्र आम्ही कुठेच जात नाही. आपल्याकडच्या तांबड्या चिखलात खुर्चीची पुढची लहान चाके रुततात, आणि अशा वेळी पुढे ढकलण्यापेक्षा खुर्ची उलटी फिरवून मागे ओढत नेणेच सोपे पडते.

वाघ-सिंहांच्या सफारीत गाडी आत शिरली की कुणालाही खाली उतरता येत नाही, त्यामुळे स्वच्छतागृह आणि औषधाची वेळ आधीच सांभाळावी लागते. प्रवेशाला दोन फाटके असतात आणि पहिले बंद झाल्याशिवाय दुसरे उघडत नाही. त्या मधल्या जागेत लोखंडाचा मोठा आवाज होतो. ज्या मुलांना आवाज सोसत नाही त्यांना हे घरीच सांगून ठेवावे. शक्यतो सकाळची पहिली फेरी घ्यावी, कारण ऊन चढले की वाघ सावली धरून झोपतात.

मागच्या हिवाळ्यात एका ठिकाणी खरोखरच खुर्चीसकट आत जाता आले. तिथला चालक ‘निधान, निधान’ (कन्नडमध्ये ‘सावकाश’) म्हणत स्वतः खुर्चीचे ब्रेक तपासून गेला. वाघ गाडीपासून पंधरा-वीस पावलांवर पाणी पीत होता, आणि त्याची जीभ पाण्यावर आपटल्याचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. मुलीने माझा हात बाजूला सारला, कारण जाळीतून बघताना तो तिच्या नजरेआड येत होता.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी फोन ती स्वतः करणार आहे, आणि विचारायची मापे तिने माझ्या वहीतून उतरवून घेतली आहेत.