मजकूर बॉक्समध्ये बसवणे: आता अनेक ओळींचं पण जमलंय

दिलेल्या बॉक्समध्ये मजकूर मावेल असा मोठ्यात मोठा फॉन्ट शोधायचा, हे काम. एका ओळीचं मागेच झालं होतं, त्यात फार काही नाही, १०० पिक्सेलला मजकुराची रुंदी-उंची मोजायची, बॉक्समध्ये त्याच्या किती पट जागा आहे ते काढायचं आणि दोन्हीतला लहान आकडा घेऊन त्याने १०० ला गुणायचं. ओळी तुटायला लागल्या की मात्र हे सूत्र पुरत नाही, कारण फॉन्ट जरासा वाढला की एखादा शब्द खाली सरकतो आणि उंची एकदम एका ओळीने वाढते.

म्हणून बायनरी सर्च लावलाय, म्हणजे मधला आकडा लावून बघायचा आणि बसतो की नाही त्यावरून दर वेळी अर्धी रेंज सोडून द्यायची. ८ ते २०० पिक्सेलची रेंज, अर्ध्या पिक्सेलपर्यंत अचूक उत्तर, ९ फेऱ्यांत हमखास मिळतं. पण ४० ला बसलं आणि ३८ ला नाही असं झालं तर सर्चच कोसळेल ना? नाही होत तसं, कारण फॉन्ट लहान करणं म्हणजे फॉन्ट तोच ठेवून बॉक्स मोठा करणं, आणि ओळीत मावतील तेवढे शब्द भरत गेलात तर रुंद बॉक्समध्ये ओळी वाढूच शकत नाहीत. मला हे फार आवडलं! फक्त हिंटिंग (अक्षरं पिक्सेलवर नीट बसावीत म्हणून त्यांचा आकार जरासा जुळवून घेणं) चालू असेल तर अक्षरांची रुंदी पूर्ण पिक्सेलला राउंड होऊ शकते आणि गणित हलतं, त्यामुळे मोजताना ते बंद.

स्पीडसाठी प्रत्येक शब्द एकदाच हार्फबझ या लायब्ररीमधून शेप करून (म्हणजे जोडाक्षरं, मात्रा जुळवून त्याचं खरं रूप काढून) त्याची रुंदी साठवून ठेवतो, मग प्रत्येक फेरीत नुसती बेरीज. शब्द अख्खाच शेप करायचा बरं का, क आणि ष च्या रुंदीची बेरीज म्हणजे क्ष ची रुंदी नव्हे. सगळ्यात लांब शब्द बॉक्सच्या रुंदीत मावला पाहिजे, त्यावरून फॉन्टची वरची मर्यादा आधीच कळते.

खरी मजा देवनागरीच्या उंचीत आहे. 'मूर्तींना' घ्या, वर वेलांटी, रफार, अनुस्वार सगळं एकत्र आणि खाली दीर्घ उकार. इंग्रजीला चालणारं १.२ लाइन हाइट (एका ओळीपासून पुढच्या ओळीचं अंतर, फॉन्टच्या साइझच्या पटीत) इथे बऱ्याच फॉन्टना कमी पडतं, वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना चिकटतात, मी १.५ च्या आसपास ठेवतोय. पहिल्या ओळीच्या वर आणि शेवटच्या ओळीच्या खाली मात्र फॉन्टचा ॲसेंट-डिसेंट (फॉन्टमध्येच ठरवून दिलेली वरची-खालची जागा) न घेता प्रत्यक्ष शाई कुठवर जाते ते मोजतो, ब्राउझरच्या कॅनव्हासवर मेझरटेक्स्ट हे फंक्शन ते आकडे देतं. आणि ते आख्ख्या मजकुरातले सर्वांत मोठे घ्या, नुसते त्या त्या ओळीचे नकोत, नाहीतर शब्द इकडचे तिकडे झाले की उंची पण बदलणार आणि वरचं बायनरी सर्चचं गणित परत डळमळणार.

आता शेवटच्या ओळीत एकटाच शब्द लोंबकळतो त्याच्या मागे लागलोय, साइझ ठरली की ओळींची संख्या तीच ठेवून कमीत कमी किती रुंदीत मावतंय ते परत बायनरी सर्चनेच शोधायचं, म्हणजे सगळ्या ओळी साधारण सारख्या दिसतील. छोट्या मथळ्यांवर छान दिसतंय, मोठ्या परिच्छेदावर अजून लावून बघायचंय.