ठाण्याच्या दमट हवेत मीठ-मैद्याचे टॅग: माझा अनुभव

हळदीकुंकवाच्या वाणाला, दिवाळीच्या फराळाच्या डब्याला किंवा नाताळच्या केकच्या खोक्याला बांधायला सॉल्ट डोचे, म्हणजे मीठ घालून मळलेल्या मैद्याचे, टॅग छान दिसतात. खर्च म्हणाल तर अर्धा किलोचा मैद्याचा अर्धा पुडा आणि थोडं मीठ. कृती सगळीकडे एकच मिळते: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, पाऊण वाटी पाणी. ती चुकीची नाही, पण ती लिहिणाऱ्यांच्या गावची हवा कोरडी असते. ठाण्यात आणि नवी मुंबईत टॅग मळण्यात बिघडत नाही. तो बिघडतो वाळवताना, आणि त्यातून वाचला तर नंतर कपाटात.

हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. आपल्याकडे पावसाळ्यात ही मर्यादा जवळजवळ रोज ओलांडली जाते. ऐरोली, वाशी, कोलशेत अशा खाडीलगतच्या भागात तर थंडीतल्या पहाटेही कधीकधी. म्हणून गणपतीसाठी हे टॅग करायचे झाले तर मी कार्डपेपरचे करते आणि मोकळी होते. सॉल्ट डोचा खरा मोसम डिसेंबर-जानेवारी. त्यातही संक्रांत ते रथसप्तमी हा हळदीकुंकवाचा काळ नेमका दुपारच्या सुक्या हवेत येतो, हे आपलं नशीब.

मिठापासून सुरुवात करू, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो. मिठागरातलं जाडं मीठ स्वस्त मिळतं, पण ते इथे नको. त्यात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो आणि तो जेमतेम ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी ओढू लागतो. खड्या मिठाच्या बरणीला तळाशी पाणी सुटतं ते मुख्यतः त्यामुळेच. त्या मिठाचे टॅग जानेवारीतही हाताला चिकट लागतात. पुडीतलं बारीक, शुद्ध केलेलं आयोडीनयुक्त मीठ घ्यावं. सैंधव चालतं, पण उगाच महाग.

हे बारीक मीठही मी मिक्सरच्या कोरड्या भांड्यात अर्धा मिनिट फिरवते. त्यामागे साधा हिशोब आहे. वाटी घरागणिक वेगळी, म्हणून वजनात सांगते: मैदा २५० ग्रॅम, मीठ २७५ ग्रॅम, पाणी १६० ते १८० मिली. १०० मिली पाण्यात फार तर ३६ ग्रॅम मीठ विरघळतं. म्हणजे एवढ्या पाण्यात साठेक ग्रॅम विरघळणार आणि उरलेलं सगळं कणांच्याच रूपात राहणार. कितीही मळा, ते कण जात नाहीत. कण जाड असतील तर टॅगचा पृष्ठभाग खरखरीत होतो आणि बारीक पेनाने नाव लिहिताना निब अडखळतं. मिक्सरचं झाकण मात्र लगेच उघडू नका, मिठाची धूळ खाली बसू द्या. नाहीतर शिंका आणि डोळ्यांची आग.

मैद्यातला ५० ग्रॅम भाग काढून तेवढंच कॉर्नफ्लोर घातलं तर पोत आणखी गुळगुळीत येतो. कणीक वापरणारेही आहेत. तिच्यातला कोंडा पाणी जास्त पितो, त्यामुळे वाळताना टॅग जास्त आक्रसतो आणि रंग तपकिरी येतो. मातकट रूपच हवं असेल तर ठीक. पांढऱ्यावर रंगवायचं असेल तर मैदाच.

मीठ आणि मैदा आधी कोरडेच एकत्र करावेत. मग १५० मिली पाणी घालून मळायला घ्यावं आणि पुढचं पाणी चमच्याचमच्याने. गोळा पुरीच्या पिठाइतका घट्ट हवा. आठ-दहा मिनिटं जोर लावून मळला की चिरा जातात. मग ओल्या फडक्याखाली वीस मिनिटं. त्याहून फार वेळ ठेवला तर मिठामुळे त्याला पाणी सुटतं आणि गोळा सैल, चिकट होतो, म्हणून जेवढं लाटायचं तेवढंच मळा. तेलाचा हात अजिबात लावू नका, पुढे त्यावर रंग धरत नाही. आणि बोटाला कुठे चीर असेल तर हे काम घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या!

लाटताना जाडी सगळीकडे सारखी येणं महत्त्वाचं. आइस्क्रीमच्या दोन काड्या एकावर एक चिकटवून त्यांच्या जोड्या गोळ्याच्या दोन्ही बाजूंना ठेवायच्या आणि लाटणं त्यांच्यावरून फिरवायचं. साधारण ४ मिलिमीटर जाडी मिळते. ३ च्या खाली टॅग वाकतो आणि दोऱ्याच्या भोकाशी तुटतो. ६ च्या वर गेलात तर वरून कडक, आतून ओला. बेकिंग पेपरवरच लाटा, तिथेच कापा, आजूबाजूचं पीठ काढून घ्या आणि कागदासकट ट्रेवर सरकवा. उचलून ठेवायला गेलं की गोलाचा अंडाकृती होतो. ५ सेंटिमीटर व्यासाचे सुमारे पन्नास टॅग एवढ्या पिठात निघतात.

कापायला लहान वाटी, बाटलीचं झाकण, चौकोनासाठी शंकरपाळ्यांचं कातणं. कातण्याची नागमोडी कड खरंच देखणी येते. भोकासाठी स्टीलचा स्ट्रॉ किंवा रिकाम्या बॉलपेनची नळी. कागदी स्ट्रॉ दोन टॅगांत भिजून लोळागोळा होतो. भोक कडेपासून निदान ८ मिलिमीटर आत हवं. ते वाळताना थोडं आक्रसतं, तेव्हा दोऱ्याच्या मानाने मोठंच पाडा.

नक्षीसाठी क्रोशाची लेस, शिरा उठून दिसणारं पिंपळाचं पान किंवा ब्लॉक प्रिंटचा लाकडी ठसा. देवनागरी अक्षरं कोरायची असतील तर कापलेले टॅग दहा मिनिटं पंख्याखाली ठेवा. वरचा थर जरासा सुकला की रिकामी रिफिल आडवी धरून शिरोरेखा आधी ओढा, मग अक्षरं. ओल्या पिठावर लिहिलं तर रेघेच्या दोन्ही कडांना पीठ उचललं जातं आणि ‘ळ’च्या गाठी बुजतात. ‘तिळगूळ घ्या’ एवढंच ५ सेंटिमीटरमध्ये सुबक बसतं. ‘गोड बोला’ मागच्या बाजूला रंगाने लिहावं. अनुस्वाराचं टिंब नुसतं टेकवा, दाबलं तर मागच्या बाजूला फुगवटा येतो.

आता वाळवण. ओटीजीचा, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनचा, सगळ्यात खालचा आकडा बहुधा १०० अंश असतो, तो पुरेसा आहे. दारात लाकडी चमच्याचा दांडा अडकवून फट ठेवा. आत वाफ कोंडली तर टॅग वाळत नाही, नुसता शिजतो. पाऊण तासाने वरचा थर घट्ट झाला की उलटा करा. ४ मिलिमीटरला एकूण दोन ते अडीच तास लागतात. घाई म्हणून १५० वर नेलं की आतल्या पाण्याची वाफ बाहेर पडायच्या आधी वरचा थर बंद होतो आणि टॅगला पापुद्र्यासारखे फोड येतात, कडाही तपकिरी होतात. मायक्रोवेव्हमध्येही फोड येतात, पाणी आतल्या आत झपाट्याने तापतं म्हणून.

ओव्हन नसेल तर जानेवारीतलं ऊन आणि पंखा. ताटावर पसरू नका, जाळीवर ठेवा. खालून हवा लागली नाही तर वरची बाजू आधी आक्रसते आणि कडा वर वळतात. सकाळी दहा ते चार बाहेर, आणि चारनंतर न चुकता हवाबंद डब्यात. रात्री गॅलरीत राहिलेले टॅग दिवसभराची कमाई परत देऊन टाकतात. अशाने तीन-चार दिवस लागतात. पावसाळ्यात करायचेच झाले तर एसीच्या ड्राय मोडवर, बंद खोलीत.

वाळलं की नाही हे डोळ्यांना कळत नाही, वजनकाट्याला कळतं. ५ सेंटिमीटरचा ओला टॅग ११ ग्रॅमच्या आसपास भरतो आणि त्यातलं साधारण पाव वजन पाण्याचं असतं. म्हणजे तो ८ ग्रॅमच्या थोडा वर येऊन थांबला पाहिजे. चार-पाच टॅग एकत्र तोला, अर्ध्या तासाने परत तोला. आकडा हलला नाही तर झालं. काटा नसेल तर थंड झालेला टॅग गालाला लावून बघा, गार लागला तर आत अजून ओल आहे. नखाने वाजवला तर आवाज टणक यायला हवा, बोदा नाही.

किरकोळ चिरा पडतातच. उरलेल्या पिठात दोन थेंब पाणी घालून लुकण करावं, बोटाने भरावं आणि पुन्हा वीस मिनिटं वाळवावं. मग २२० नंबरचा पॉलिश पेपर, मास्क लावून.

वाळलेला टॅग ट्रेमधून काढला की तिथून घड्याळ सुरू होतं. त्याच दिवशी रंग आणि सील, म्हणजे वार्निशचा थर, व्हायला हवं. जमणार नसेल तर सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पोस्टर कलर पाण्यात पुन्हा विरघळतात, ते टाळा. अ‍ॅक्रिलिक घ्या आणि न पातळ करता हलका हात द्या, कारण ब्रशमधलं पाणी वरचं मीठ विरघळवतं आणि वाळल्यावर पांढरे डाग उमटतात. मार्करने नाव लिहिणार असाल तर त्यावर वार्निश फिरवायच्या आधी एका फुटक्या टॅगवर बघून घ्या, काही वार्निशांत शाई पसरते.

सील करताना लोक पुढची बाजू चकचकीत करतात आणि मागची तशीच सोडतात. पाणी मग मागूनच शिरतं, आणि पुढचा रंग पोपडे होऊन सुटतो. पुढून, मागून, कडेला आणि भोकाच्या आतसुद्धा वार्निश लागलंच पाहिजे. भोकासाठी कान साफ करायची कापूसकाडी बरी. थर्माकोलच्या तुकड्यात टाचण्या उभ्या खोचून त्यांच्या डोक्यांवर टॅग ठेवला की बाजूला न चिकटता वाळतो. दोन-तीन पातळ थर, प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा. सुतारकामाचा पांढरा गोंद वार्निश म्हणून सुचवला जातो. कोरड्या हवेत तो चालत असेल, आपल्याकडे दमट दिवसांत तो पांढुरका आणि चिकट होतो. क्लिअर लॅकरचा स्प्रे किंवा अ‍ॅक्रिलिक वार्निश घ्या. लॅकर भर दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून मारा. सकाळच्या ओलसर हवेत मारलं तर द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरतं आणि चकाकीऐवजी दुधाळ छटा येते.

दोऱ्यासाठी जांभळी नाक्याच्या बाजारातली बारीक सुतळी किंवा जाड सुती दोरा. लोखंडी तार किंवा कडी नको, मिठामुळे तिला लवकर गंज चढतो आणि त्याचे ओघळ टॅगवर उतरतात. दोरा दुहेरी करून भोकातून काढा, टोकं त्याच फासातून ओढा. गाठ भोकावर येत नाही आणि कड टवकत नाही.

टॅग डब्याच्या बाहेर बांधावा, चकली-शेवेच्या डब्यात आत टाकू नये. मुलांना तो बिस्किट वाटू शकतो, हे वाण देताना सांगून ठेवा. कुत्रा असलेल्या घरी तर देऊच नका. वाळलेल्या टॅगच्या वजनाचा निम्मा भाग मीठच असतो आणि पाच किलोच्या कुत्र्याने असे तीन टॅग चावून गिळले तर जिवावर बेतू शकतं.